मागच्या बाकावरच्या मॅडम

मी शिकवते त्या नगरपालिकेच्या चारही शाळांची माझी धाकटी नणंद प्रमुख झाली, तेव्हा नात्यागोत्यात सगळ्यांत जास्त मिरवले ती मीच. महिनाभरात मात्र तिने असा नियम काढला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दर आठवड्याला एका शिक्षकाच्या वर्गात बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसायचं. तेही शेरे मारायला नाही, तर मुलांसारखं शिकायला, आणि समजलं नाही तर हात वर करायला. मुलं आपल्या शाळा सोडून चाललीत, तेव्हा आपण काय शिकवतो ते आपणच एकदा बघू, असं तिचं म्हणणं.

ऐकायला गोड. पण आमच्या पेशात वर्गाचं दार लागलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. सहावीचं गणित शिकवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी ख्याती, आणि ती मी वर्षानुवर्षं जपलेली. पुढे कोणी येईना, तेव्हा ही बया भर सभेत म्हणाली, सुरुवात घरापासून करू. घरी मी तिच्याशी अबोला धरला. नवऱ्याने बहिणीची बाजू घ्यायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने घास आत ढकलला.

त्या दिवशी माझ्या वर्गात मागे मुख्याध्यापक, भाषेच्या बाई, चित्रकलेचे सर आणि मधोमध गुडघे दुमडून आमच्या मॅडम. विषय अपूर्णांकांचा भागाकार. मी फळ्यावर तीन भागिले एक चतुर्थांश लिहिलं, अपूर्णांक उलटा केला, गुणलं, उत्तर बारा. समजलं ना, विचारलं. वर्ग एका सुरात हो म्हणाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नणंदेचा हात वर.

"बाई, भागल्यावर उत्तर कमी व्हायला हवं ना? मग तिनाचे बारा कसे झाले?"

मला वाटलं, मुद्दाम करतेय, चार लोकांत माझं हसं करायला. रागाने पाहिलं, तर तिचा चेहरा उतरलेला. तिला खरंच कळलं नव्हतं. आणि उत्तर द्यायला गेले तेव्हा लक्षात आलं, की मलाही ठाऊक नाही. उलटा करायचा, कारण तसा नियम आहे, एवढंच मला येत होतं.

अजून कोणाला नाही कळलं, असं मी वेळ काढायला म्हणून विचारलं. एक हात वर आला, मग दोन, मग अर्धा वर्ग. मुख्याध्यापकांचाही आला, कानापर्यंतच.

मग मीही इरेला पेटले. कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या फाडल्या. तीन पट्ट्यांमधून पाव-पाव पट्टीचे तुकडे किती निघतात, ते बघू म्हटलं. पहिलीचे चार, दुसरीपर्यंत आठ. मोजता मोजता मुलं ओरडू लागली, आणि बाराला मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडले. गणित शिकवताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बरोबरच निघालो.

"वहिनी, या गणितापायी मी शाळेत असताना रडायचे," ती म्हणाली. "वाटायचं, माझंच डोकं कमी आहे."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी खरं ते सांगून टाकलं.

"मलाही आजच कळलं गं. मुलांना निदान हात वर करता येतो. मी पडले शिकवणारी, मला ती सोय नव्हती."

"आता आहे," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली वह्यांची पिशवी तिने आपल्या खांद्याला लावली.