राणीमाशीपर्यंत पोचलेली एकटी

"डॉक्टर, तुमची ही कादंबरी तुमच्या घरच्यांशिवाय कुणी वाचलीय का?"

प्रश्न पाचव्या रांगेतून निघाला आणि माईकशिवाय सभागृहाच्या पार टोकापर्यंत पोचला. पोचणारच. विचारणारीला अख्खी शाळा भोंगा म्हणत असे. मागच्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला इतकं हळू 'उपस्थित' म्हणायची की महिन्यातून चार-पाच दिवस तिची गैरहजेरी लागायची. मग वक्तृत्वस्पर्धेत ऐन तिच्या भाषणाला माईक बंद पडला, ती जीव खाऊन ओरडली, आणि आपल्याला आवाज आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं. तेव्हापासून ती तो वापरून संपवायच्या मागे लागली होती.

हा प्रश्न मात्र तिचा नव्हता. पेन्सिल आणि वकीलीण या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. दातांचे डॉक्टर 'दातांची निगा' या विषयावर बोलायला आले होते. तास-दीड तास हिरड्यांबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी पिशवीतून स्वतःची रहस्यकादंबरी काढली आणि तिच्याबद्दलही चार शब्द बोलतो म्हणाले. ते चार शब्द वीस मिनिटं चालले. तेव्हा पेन्सिल कुजबुजली, "विचार ना. हिंमत नाही तुझ्यात." एवढं भोंग्याला पुरे होतं.

सभागृह हसून लोटपोट झालं. डॉक्टर मात्र गंभीरपणे विचारात पडले.

"खरं सांगू? घरच्यांनीही वाचलीय असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," ते म्हणाले.

मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षा तिथल्या तिथे सुनावली. भोंग्यानं आठवड्यात कादंबरी वाचायची आणि वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर तिचं परीक्षण लिहायचं. डॉक्टरांनी सही करून एक प्रत तिच्या हातात ठेवली. शिक्षेच्या पुस्तकावर लेखकाची सही असलेली ती शाळेतली पहिलीच गुन्हेगार.

कादंबरी वाईट नव्हती, हेच संकट होतं. एका श्रीमंत वकिलाच्या बंगल्यात खून होतो, निरीक्षक येतात, सगळे एकमेकांवर संशय घेतात. मधली वीस पानं बंगल्याच्या फर्निचरवर गेली होती, तेवढी सोडली तर गोष्ट पळत होती. एकशे साठाव्या पानावर निरीक्षकांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, दार लावलं आणि म्हणाले, "खुनी या खोलीतच आहे. तो दुसरा-तिसरा कुणी नसून..."

भोंग्याची नजर घाईनं समोरच्या पानावर गेली.

एकशे एकसष्टाव्या पानाची पहिली ओळ होती: 'राणीमाशी. ती पोळ्याबाहेर पडली की कामकरी माश्या सैरभैर होतात.'

पुढची सोळा पानं नुसत्या माश्याच. पेटी कशी झाकावी, धूर किती द्यावा, मध काढताना अंगावर काय घालावं. निरीक्षकांचा पत्ता नाही. शेवटच्या पानावर 'सर्वांना गोड मध लाभो' असं म्हणून पुस्तक संपलं होतं.

तिनं ती पानं तीनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चुकलंय. मग वाटलं, पुस्तक छापलेलं आहे, लेखक डॉक्टर आहे, चुकलं असेल तर आपलंच. तिसऱ्यांदा तिला साक्षात्कार झाला. राणीमाशी म्हणजे वकिलाची मोठी सूनबाई. पोळं म्हणजे बंगला. धूर म्हणजे संशय. मध म्हणजे काय ते काही केल्या बसेना, पण सगळंच आपल्याला कळायला हवं असं थोडंच आहे.

'मला शेवट कळला नाही' हे वाक्य तिनं फळ्यावर लिहिलंही. लगेच पुसलं. वर्षभर कमावलेला सगळा तोरा त्या एका ओळीत पाण्यात गेला असता. त्याजागी तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'शेवट भन्नाट. लेखक वाचकाला अशा ठिकाणी नेऊन सोडतो जिथं कुठलीच रहस्यकादंबरी गेली नसेल. परीक्षणात शेवट फोडायचा नसतो, म्हणून फोडत नाही.'

फळ्यानं कमाल केली. फर्निचरबद्दल तिनं बेधडक लिहिलं होतं, 'ही वीस पानं वाचताना सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, म्हणजे झोप येते.' ते वाचायला मुलं मधल्या सुट्टीत गर्दी करायला लागली. पालकांनी फोटो काढले, ते फिरले, आणि कुणीतरी आपलं पुस्तक वाचतं आणि वर त्याबद्दल लिहितं ही बातमी गावभर पसरली. त्यानंतर शाळेच्या कचेरीत पुस्तकं यायला लागली. इतकी माणसं लिहितात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

एका इलेक्ट्रिशियनच्या भयकथा आल्या. भूत यायच्या आधी दिवे जात, आणि ते का गेले हे तो दोन पानं समजावून सांगे. भोंग्यानं लिहिलं, 'भुताची भीती वाटत नाही, पण घरातली वायरिंग तपासून घ्यावीशी वाटते.' व्यायामशाळेच्या मास्तरांचा विरहकवितांचा संग्रह आला. तीन भाग, प्रत्येकी बारा कविता, आणि दोन भागांच्या मध्ये एक कोरं पान, बहुतेक दम खायला. एका शिंप्यानं परग्रहावरची विज्ञानकादंबरी लिहिली होती. त्यात यान कशावर चालतं याचा उल्लेख नव्हता, पण अंतराळवीरांचा एकही पोशाख बगलेत काचत नव्हता. निवृत्त ट्रॅफिक हवालदारांच्या प्रेमकथेत नायक-नायिका सारखे एकमेकांसाठी थांबायचे आणि शेवटपर्यंत पुढे कुणीच जायचं नाही.

भोंगा सगळं वाचायची. शेवटच्या पानापर्यंत, अगदी मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत. आणि खरं तेच लिहायची, कारण आता तिची ओळखच ती होती. शिंप्यानं तर तिला गाठून सांगितलं, "पोरी, पंचवीस वर्षं गिऱ्हाईक म्हणतंय 'छान झालंय.' कुठं ढिलं आहे ते तू पहिल्यांदा सांगितलंस." त्या दिवशी घरी जाताना तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

याच सुमारास दातांच्या डॉक्टरांचा निरोप आला. छापखान्यात त्यांच्या कादंबरीच्या तीनशे प्रती पडून होत्या. त्यांना ते नवं मुखपृष्ठ चढवणार होते, आणि मागच्या बाजूला भोंग्याचं वाक्य छापणार होते: 'शेवट भन्नाट.' प्रती पुस्तक-प्रदर्शनात जाणार होत्या. उद्घाटनाला स्टेजवर दोन मिनिटं भोंग्यानं बोलायचं होतं. आईनं ही बातमी मावशीला सांगितली. मावशीला सांगितलं की वेगळी जाहिरात करायची गरज नसते.

आणि मग पोस्टमनकाकांचं पुस्तक आलं.

निवृत्तीनंतर त्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या आणि त्यावर एक साधंसुधं पुस्तक लिहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी भोंगा पलंगावर पालथी पडून ते वाचत होती. एकशे साठाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'थंडी सुरू होण्यापूर्वी पेटी हलक्या हातानं उघडावी. आत आपल्याला दिसतो तो...'

ती समोरच्या पानावर गेली.

'"तुमचा सख्खा पुतण्या, वकीलसाहेब," निरीक्षक शांतपणे म्हणाले. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.'

भोंगा उठून बसली. पुढची सोळा पानं पुतण्याला बेड्या पडेपर्यंत पळत होती. तिनं दोन्ही पुस्तकांचं शेवटचं पान पाहिलं. छापखाना एकच. पानं दोन्हीकडे एकशे शहात्तर. शाळेच्या वाचनालयातली कादंबरीची प्रत सकाळी उघडून पाहिली, तिच्यातही माश्या. वकीलिणीच्या वडिलांकडे एक होती, तिच्यातही. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी शिवतात, हे वाचनालयाच्या मॅडमनी तिला समजावलं. शिवणाऱ्यानं एकशे एकसष्ट आकडा पाहून दोन्हीकडे नेमके एकमेकांचे गठ्ठे लावले होते.

प्रश्न गठ्ठ्यांचा नव्हता. तिला जे कळलं नव्हतं त्याला तिनं भन्नाट म्हटलं होतं, आणि तो शब्द सोमवारी तीनशे पुस्तकांच्या पाठीवर छापला जाणार होता.

"गप्प बस," पेन्सिल म्हणाली. "तो माणूस खूश आहे, तू स्टेजवर जाणार आहेस. कोण वाचतंय शेवटपर्यंत?"

"तेच तर," भोंगा म्हणाली, आणि दोन्ही पुस्तकं दप्तरात टाकून दवाखान्यात गेली.

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेला होता. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि तिला पाहून खुलले.

"ये, ये. कुठला दात?"

"दात नाही. डॉक्टर, तुमचं पुस्तक छापून आल्यावर तुम्ही वाचलंत?"

"छे. छापलेलं उघडलं की आधी चूकच दिसते म्हणतात. मी नुसतं पुढून-मागून बघतो. का गं?"

तिनं एकशे साठावं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. ते स्वतःचं वाक्य कौतुकानं मोठ्यानं वाचत गेले, "तो दुसरा-तिसरा कुणी नसून..." समोरच्या पानावर गेले, आणि त्याच सुरात म्हणाले, "राणीमाशी."

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले. माश्यांची दोन-तीन पानं त्यांनी वाचली.

"माहिती चांगली आहे," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "एक मिनिट. औषधवाले म्हणाले होते, शेवट झकास जमलाय. माझा मेहुणा म्हणाला, शेवटी अंगावर काटा आला. तुझ्या आईला तर शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं."

"ते रूट कॅनालमुळे असेल."

डॉक्टर शेवटाचं कौतुक केलेली माणसं बोटांवर मोजत राहिले. चाळिसाच्या आसपास पोचून थांबले. "आणि तू? तू तर खरंच वाचलं होतंस. फर्निचरबद्दल लिहिलं होतंस."

भोंग्याचा आवाज मागच्या वर्षीइतका झाला. "वाचलं होतं. कळलं नाही. कळलं नाही म्हणून लिहायची लाज वाटली."

"म्हणजे त्यांनी न वाचता खोटं सांगितलं आणि तू वाचून."

"हो."

"तुझं जास्त वाईट."

"हो."

त्यांनी टेबलाच्या खणातून नव्या मुखपृष्ठाचा नमुना काढला. पाठीवर निळ्या अक्षरात तिचं वाक्य होतं, खाली 'एक चोखंदळ वाचक'. ते सुंदर दिसत होतं. भोंग्यानं आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"ठेवू का काढू?" त्यांनी विचारलं. "शिवण उसवून पानं नीट लावून घेता येतील. मग शेवट खराच होईल, वाक्यही चालेल."

ही पळवाट इतकी रुंद होती की तिच्यातून बैलगाडीसुद्धा गेली असती. भोंग्यानं निळ्या अक्षरांकडे पाहिलं.

"काढा," ती म्हणाली. "खरा शेवट मी वाचलाय आणि तो भन्नाट नाहीये. नुसता ठीक आहे. पुतण्यावर मला चाळिसाव्या पानालाच संशय आला होता."

"चाळिसाव्या?" डॉक्टरांना माश्यांपेक्षा हे जास्त लागलं.

"तो एकटाच कुणी न विचारता म्हणतो, मी तर बाहेर होतो. तीनदा."

"तीनदा?" त्यांनी औषधं लिहायची चिठ्ठी पुढे ओढली आणि टिपून घेतलं. "आणखी?"

"राखणदार मस्त आहे. तो बोलायला लागला की बंगला खरा वाटतो. पण साठाव्या पानानंतर तुम्ही त्याला विसरलात."

"विसरलोच की," डॉक्टर म्हणाले. चिठ्ठी भरली, त्यांनी दुसरी घेतली. अर्ध्या तासानं तिला दारापर्यंत सोडताना त्यांचा चेहरा पडलेलाच होता, पण चिठ्ठ्या मात्र त्यांनी वरच्या खिशात जपून ठेवल्या होत्या. स्टेजवरच्या दोन मिनिटांचं काय, असं तिनं विचारलं. "दोन मिनिटं तुझी आहेत. काय बोलायचं ते तू ठरव," ते म्हणाले.

घरी आई धुतलेले कपडे घड्या घालत होती आणि बाबा पंख्याची पाती पुसत स्टुलावर उभे होते. भोंग्यानं सगळं सांगितलं. माश्या ऐकून बाबा इतके हसले की आईनं स्टूल धरलं.

"आई, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे."

"अगं, तोंडात यंत्र घालून विचारल्यावर माणूस काय सांगणार?" आई म्हणाली. "आठ पानं वाचली होती मी. चांगली होती."

"आता झालं ते झालं," बाबा स्टुलावरून म्हणाले. "वाक्य काढलंस ना? संपला विषय. स्टेजवर जा, वाचन कसं महत्त्वाचं वगैरे बोल, टाळ्या घे, घरी ये."

"आणि मावशी येतेय," आई म्हणाली. "काकू येतेय. तिच्या शेजारणीसुद्धा येताहेत. मी सगळ्यांना सांगून बसलेय की आमची मुलगी एक अक्षर खोटं लिहीत नाही."

भोंग्यानं आईच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी ती ताणली, झटकली, घडी घातली.

"येऊ देत सगळ्या," ती म्हणाली. आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असणार. "माझं ठरलंय. मी स्टेजवर जाणार, माझं परीक्षण वाचून दाखवणार, आणि सांगणार की ह्यातलं फर्निचर खरं आहे आणि शेवट खोटा, कारण तो मला कळलाच नव्हता. फळ्यावरही सोमवारी तेच लिहिणार. आता बोल, मावशीला तू कळवतेस की मी?"