आपला नंबर नऊ

माझा नवरा सम्राट जे काम पाच मिनिटांत करतो, ते निस्तरायला मला दोन महिने लागतात. हे मी रागाने नाही, अनुभवाने सांगते. बरं, थोडं रागानेही.

लग्न होऊन मी गडहिंग्लजहून कोल्हापुरात आले, ती पुण्याच्या एका प्रकाशकाची नोकरी सोबत घेऊनच. शाळेच्या पुस्तकांची पानं मांडायची, चित्रं बसवायची, काम घरून. चित्रकारांनी हाताने काढलेली चित्रं कुरिअरने यायची. ती तळमजल्यावरच्या स्कॅनरवर घ्यायची आणि वरच्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरवर पानात बसवायची. स्कॅनर मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. म्हणून सम्राटने मामांच्यासारखा माझा कॉम्प्युटरही घरच्या वायफायवर जोडून दिला. खाली स्कॅन केलं की वर दिसणार. "झालं बघ, पाच मिंटात!" म्हणाला आणि शिरोलीला फौंड्रीत शिफ्टला निघून गेला.

दिसलं काहीच नाही. दोन्ही कॉम्प्युटर एका घरात राहून एकमेकांना ओळखच दाखवेनात. वर आणखी कटकट म्हणजे माझं नेट मनाला येईल तेव्हा चालायचं, मनाला येईल तेव्हा रुसायचं.

मी काय नाही केलं? राउटर बंद करून चालू केला. जिन्यात आणला, परत खाली नेला. वायर बदलली. सासूबाई मिक्सर लावायला राउटरचा प्लग काढतात असा संशय घेऊन दोन दिवस स्वयंपाकघराभोवती घिरट्या घातल्या. आत्ती (त्यांना आम्ही आत्ती म्हणतो) शेवटी वैतागून म्हणाल्या, "चटणी चाखायची आसंल तर सरळ माग की!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पेनड्राइव्ह. खाली स्कॅन करायचं, पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायचा. चित्रात दुरुस्ती आली की परत उतरायचं. या चढउतारात एकदा पेनड्राइव्हमधलं जुनंच चित्र पानात बसलं. बेडकाच्या जीवनचक्राच्या पानावर शेपटीवाला बेडूक छापखान्यापर्यंत जाऊन आला. आमच्या साहेबांचा फोन आला. "तेजस्वी मॅडम, घरून जमत नसेल तर ऑफिसला या. शुक्रवारी चारपर्यंत शेवटची बारा पानं बिनचूक आली नाहीत, तर सोमवारपासून तुम्ही पुण्यात बसायचं."

पुण्यात बसायचं म्हणजे खोली घेऊन एकटीने राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची. लग्नाला जेमतेम अडीच महिने झाले होते. घर आत्ता कुठे माझं वाटायला लागलं होतं. मला दोन्हीतलं काहीच नको होतं. रात्री सम्राटला सांगताना रडलेसुद्धा.

खरं सांगायचं तर आजाराची नाडी मला आठवड्यापूर्वीच सापडली होती. नेट कधी चालतं, कधी नाही, याच्या खुणा मी कॅलेंडरवर करत होते. हमखास चालायचं ते फक्त मंगळवारी आणि शनिवारी. त्याच चौकोनांत मामांच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'राधानगरी'. आमची भातशेती तिकडे आहे, मामा त्या दिवशी पहाटेच्या गाडीने जातात. म्हणजे मामा घरात नसले की माझं नेट सुरळीत.

आता हे नव्या सुनेने सासऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? तुम्ही घरात असलात की माझं काम अडतं, असं?

तरी शुक्रवारी सकाळी दहा वाजता, बारापैकी सात पानं बाकी आणि नेट गायब, तेव्हा माझा संयम संपला. तरातरा खाली गेले. मामा कॉम्प्युटरसमोर बसून आपल्या तालमीच्या मल्लांचे जुने फोटो नेटवर चढवत होते. मामा म्हणजे विजयसिंह, एसटीत कंट्रोलर होते. आवाज अजून फलाटावरचाच.

"मामा, रागावू नका," मी एका दमात म्हणाले, "पण तुमचा कॉम्प्युटर थोडा वेळ बंद करता का?"

मामा खुर्ची सरकवून उठले. मला वाटलं, संपलं. पण ते चक्क हसले.

"आगं, मी पण ह्येच म्हणणार हुतो! तू सकाळी लवकर उठून तुजा चालू केलास, की दिवसभर माजं नेट मरतंय. दोन म्हयनं झालं."

"मग बोलला का नाही?"

"नव्या सुनंला कसं म्हणायचं, तुजं काम बंद ठेव म्हणून? पोरगी कामाची हाय. म्हटलं ऱ्हाऊ दे, आपलं फोटू काय पळून जात न्हाईत."

दोन महिने आम्ही दोघं एकाच छताखाली एकमेकांना जपत बसलो होतो, आणि त्यापायी माझ्यावर पुण्याची गाडी धरायची वेळ आली होती. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळेना.

पण आता निदान धागा हातात होता. जो आधी चालू होईल तो जागा धरतो, दुसरा बाहेर. म्हणजे जागा एकच आहे! घरच्या नेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा नंबर असतो, त्यातला शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. मी विचारलं, "मामा, तुमच्या कॉम्प्युटरला नंबर कितवा दिलाय?"

मामांनी ड्रॉवरमधून डायरी काढली. गाडी, गॅस, मीटर, सगळ्यांचे नंबर एकाखाली एक. "त्यो नेट बसवणारा इच्यारत हुता, शेवटी कितवा टाकू? म्हटलं, कितवा म्हंजे? नऊ की!"

गाडीच्या पाटीवर एमएच शून्य नऊ म्हणजे कोल्हापूर. त्याशिवाय दुसरा आकडा या माणसाला सुचणारच नव्हता. आणि माझ्या डोळ्यांसमोर सम्राट आला. "झालं बघ, पाच मिंटात!" मी पळत वर जाऊन माझी सेटिंग उघडली. शेवटचा आकडा, नऊ. बापाला सुचला तोच मुलाला सुचला होता, एकमेकांना न विचारता.

जिन्यातूनच ओरडले, "मामा, दोघांचाही नऊ!"

"मग बराबर हाय की!" खालून आवाज आला.

"बरोबर कसला? एका घराला दोन दारं चालतील, दोन घरांना एक नंबर कसा चालेल? एकाला बदलावा लागेल. मी माझा दहा करते."

"आँ? दहा?" मामा जिन्याच्या पहिल्या पायरीवर आले. "दहा म्हंजे सांगली!"

स्वयंपाकघरातून आत्तींचा आवाज आला. त्यांचं माहेर सांगलीचं. "का? सांगलीची बायकू चालती, नंबर चालत न्हाय व्हय?"

मामा घसा खाकरून मला म्हणाले, "तुजा नऊ ऱ्हाऊ दे. तू ह्या घरात नवी हाईस, तुला नऊ पायजे. मला दे दहा. चाळीस वर्सं सांगलीचंच ऐकतोय."

मी खाली येऊन नऊच्या जागी दहा टाकला आणि वर पळाले. नेट आलं. जीव मुठीत धरून फोल्डर उघडलं. सगळी चित्रं रांगेत उभी होती, अगदी ताजी, बिनशेपटीच्या बेडकासकट. मी खुर्चीत बसले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकली. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सातही पानं तीन वाजून वीस मिनिटांनी गेली. साडेचारला साहेबांचा निरोप आला: 'पानं उत्तम. घरूनच चालू ठेवा.' मी तो तीनदा वाचला, आत्तींना वाचून दाखवला आणि सम्राटला पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'मी म्हटलंच होतं, पाच मिनिटांचं काम.' त्याच्याकडे संध्याकाळी बघून घेणार होते.

चहा घेऊन मामांकडे गेले तर ते डायरीत लिहीत होते. नऊसमोरचं स्वतःचं नाव खोडून त्यांनी 'तेजस्वी' लिहिलं होतं. दहासमोर 'मी'. अकरासमोर 'पावण्यांसाठी'.

"आणि बारा?" मी विचारलं. बारा म्हणजे पुणं.

मामांनी पेनाचं टोपण लावलं आणि डायरी माझ्याकडे फिरवली. बारासमोर लिहिलं होतं, 'हा नंबर आमच्या घरात न्हाय.'