तिच्या नावाचा अर्ज

कचेरीच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर घेऊन बसणारा अर्जवाला स्वतः फारसा बोलका नव्हता, पण त्याचा कागद बोलायचा. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाचं घर पाडायला निघालेलं. समोरचा रडत, अडखळत काहीबाही सांगायचा आणि हा मान खाली घालून खटखट टाइप करायचा, ‘मी, खाली सही करणारी...’ सव्वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचं ‘मी’ लिहिलं होतं. त्याचे अर्ज वाचून भल्याभल्या साहेबांना पाझर फुटे. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान वाटावा असंच ते काम होतं.

त्या दिवशी एका म्हातारीचा अर्ज मशीनवर असतानाच बायको त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती आणि अंगात ताप असला तरी कामाची पाळी बुडवत नसे. म्हातारीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात तिनं सांगितलं, ठकीला दिवस गेलेत.

ठकी ही त्यांची एकुलती एक लेक. सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. वर्गातल्याच मुलाचं हे प्रकरण. त्याच्या घरच्यांनी त्याला तडकाफडकी मामाकडे पाठवून हात झटकले होते, आणि तो तिथे निवांत परीक्षेच्या अभ्यासाला लागला होता. ठकीनं आईला सगळं सांगितलं, आई तिला सरकारी इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवून मुलीला एकटीला विचारलं. ठकी म्हणाली, मला हे मूल नको, मला शिकायचंय. बाईंनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. आता बापाच्या कानावर घालायला हवं म्हणून आई आली होती.

बापानं हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. तसं केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्यानं आणखी वाईट केलं, सगळ्यांच्या भल्याचा विचार केला. त्याच्या बहिणीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. ठकीनं काही महिने आत्याकडे जाऊन राहायचं, बाळंत व्हायचं, मूल आत्याच्या पदरात घालायचं आणि परत यायचं. कुणाला पत्ता लागणार नाही, पोटातला जीव वाचेल, बहिणीचं घर भरेल. ठकीला त्यानं हे जेवताना समजावून सांगितलं. ठकीचा घास हातातच राहिला.

“आत्याला मूल हवंय, हे मला कळतं बाबा,” ती म्हणाली. “पण ते माझ्या अंगातून काढून द्यायचं का, हे मी ठरवीन ना?”

त्यावर तो म्हणाला, तुझं वय आहे का ठरवण्याचं? बायकोनं तोंड उघडलं तर तिला म्हणाला, तू गप्प बस. ती बसली. पुढे आयुष्यभर तिला त्या गप्प बसण्याची टोचणी लागली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नसताना त्यानं मशीनवर कागद चढवला. ‘मी, खाली सही करणारी, पूर्ण विचारांती व स्वखुशीने गर्भपाताचा विचार सोडत आहे...’ लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले, इतका तो अर्ज छान उतरला. ठकीच्या वहीत बघून त्यानं तिची सही हुबेहूब केली, खाली पालक म्हणून स्वतःची ठोकली आणि कागद इस्पितळाच्या कारकुनाला नेऊन दिला. कारकून ओळखीचा होता. त्यानं गुरुवारच्या यादीतून नाव खोडलं. घरी बापानं सांगितलं, तारीख पुढे गेली, इस्पितळातून निरोप येईल.

ठकी निरोपाची वाट बघत राहिली. एक एक दिवस जात होता आणि तिला आपलं शरीर आपल्या हातातून निसटत चाललेलं कळत होतं. ती खाईना, झोपेना. आत्या दोनदा येऊन प्रेमानं तिच्या डोक्याला तेल लावून गेली. त्या मायेचा तिला धसका बसला. आई कामावर जाताना शेजारणीला तिच्याजवळ बसवून जाऊ लागली, कारण पोर नुसती भिंतीकडे बघत बसे.

एकोणिसाव्या दिवशी ती कुणाला न सांगता इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी फाइल काढली आणि तो अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. त्यातली मुलगी फार गोड बोलत होती.

“ही सही माझी नाही,” ती म्हणाली. “आणि हे मी कधीच म्हणाले नाही.”

बाईंनी फाइलमधल्या तारखा मोजल्या. मग त्यांनी सांगितलं, इथे गर्भपात करता येण्याची मुदत सहा दिवसांपूर्वी संपली. आता मोठ्या इस्पितळाची तीन डॉक्टरांची समितीच परवानगी देऊ शकते. उशीर का झाला ते खरंखरं लिहून द्यावं लागेल, आणि समिती नाही म्हणाली तर पुढे रस्ता नाही.

ठकी तिथून थेट शेडखाली गेली आणि समितीला उशिराचं कारण लिहून द्यायचंय म्हणाली. लेकीचा चेहरा बघून अर्जवाल्याला काय ते कळलं. तो भराभर टाइप करू लागला, ‘माझ्या अजाणतेपणामुळे निर्णय घेण्यास उशीर झाला...’ तिनं मागून वाचलं, हात पुढे करून कागद मशीनमधून ओढून काढला.

“असं नाही झालं, बाबा. मी सांगते तसं लिहा.”

खोट्या सहीची कबुली कागदावर आली की कचेरीसमोर बसायचा परवाना जाणार, कदाचित त्याहून वाईट होणार. त्यानं तसं बोलून दाखवलं. ती नुसती उभी राहिली, ओढणीखाली पोट हातानं धरून. त्यानं नवा कागद घेतला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. ‘माझ्या वडिलांनी माझी खोटी सही केली’ या ओळीपाशी त्याची बोटं थांबली. बाकी अर्जदारांना तो अशा वेळी पाणी देई. त्याला कुणी दिलं नाही. त्यानं ओळ पुरी केली.

तीन दिवसांनी समिती बसली. लांब टेबल, तीन खुर्च्या, तिघांपुढे तो कागद. ठकी आईच्या शेजारी उभी होती, बाप मागे भिंतीशी. मधले पांढऱ्या केसांचे डॉक्टर कागदावरून नजर उचलून, मुलीला ओलांडून, बापाकडे बघत म्हणाले, “तुम्ही पालक. तुमचं म्हणणं काय?”

अर्जवाला एक पाऊल पुढे आला.

“माझं म्हणणं मी एकदा तिच्या नावावर देऊन बसलोय, साहेब,” तो म्हणाला. “तिचे एकोणीस दिवस मी खाल्ले. आता माझं ऐकू नका, तिला विचारा.”

डॉक्टर मुलीकडे वळले. त्यांनी आईला आणि बापाला बाहेर जायला सांगितलं. आई दारापर्यंत लेकीकडे वळून वळून बघत राहिली. अर्जवाला बाहेर बाकावर येऊन बसला. आत ठकी बोलत होती. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बायको उठून दाराला कान लावायला गेली, तेव्हा त्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. परवानगी मिळेल की नाही, लेक आपल्याशी पुन्हा कधी बोलेल की नाही, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो नुसता बसून राहिला, आणि आतला तो आवाज मध्येच बंद पडू नये एवढंच मागत राहिला.