आपोआप डावीकडे

मित्रांनो, मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. दोन हातांत धरायचा आणि अंगठ्यांनी चालवायचा. माझ्यावर दहा बटणं आहेत, त्यांतली नऊ चालतात. अंगठ्यांखाली दोन बुटक्या दांड्या आहेत, त्यांना स्टिक म्हणतात. डावी स्टिक बिघडली आहे. तिला कुणी हात लावला नाही तरी ती पडद्याला सांगत राहते की मला डावीकडे ढकललंय. पोटात थरथरणाऱ्या दोन मोटारी होत्या, त्याही बंद पडून बरीच वर्षं झाली. त्यामुळे मला आता फारसं काही जाणवत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, आहे ते असं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकत आलो तेव्हा एका बाईंनी मला उचललं, दोन्ही स्टिक चार-चार वेळा गोल फिरवल्या, मला कानाशी नेऊन हलवून पाहिलं आणि पाठीवर हिरवी पट्टी चिकटवली. मी पास झालो होतो. इतक्या निगुतीनं मला पुन्हा कुणी पाहिलं नाही. एकदा घरात गेलो की सगळे बघतात ते पडद्याकडे.

बाबांनी मला घरी आणलं ते आपल्या दोघी मुलींत मिळून एक. थोरली अर्धा तास खेळायची आणि वायर नीट गुंडाळून ठेवायची. धाकटीचं तसं नव्हतं. मासे पकडायच्या एका गेममध्ये ती तीन-तीन तास बसायची, आईच्या हाका तिच्या कानावरून जायच्या. तीच मुलगी दात घासायला गेली की तोंडात ब्रश धरून दारातल्या चपला रंगाप्रमाणे लावत बसायची. पायात दोन मोजे नेहमी दोन रंगांचे. आई, बाबा, शाळेतल्या बाई, शेजारच्या काकू, सगळ्यांचा तिला एकच प्रश्न असायचा, "लक्ष कुठे असतं तुझं?" विचारायचे आणि उत्तर न ऐकताच निघून जायचे. मी तिच्या मांडीवर असायचो, म्हणून मला माहीत आहे की ती प्रत्येक वेळी उत्तर द्यायला तोंड उघडायची.

शाळा संपून वर्षं लोटल्यावर एका डॉक्टरबाईंनी या सगळ्याला नाव दिलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं अवघड जाणं. आईनं ते कागदावर लिहून घेतलं. तोवर मी एका खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडून होतो. किती वर्षं ते मोजलं नाही.

मला बाहेर काढलं ते थोरलीनं. ती आता गेम बनवायला लागली होती. कंपनी वगैरे काही नाही. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, ती आणि तिचा मित्र. ती कोड लिहायची, तो चित्रं काढायचा, म्हणून त्याला चित्रकारच म्हणू. खालून शिवणयंत्राचा आवाज दिवसभर यायचा. माझ्यावर त्यांनी 'चाचणी' अशी चिठ्ठी लावली. गेममध्ये जे काही नवीन व्हायचं ते आधी माझ्यावर खेळून बघायचे.

गेम एका मुलीचा होता. घरातून निघून तिनं शाळेत पोचायचं, एवढंच. तिच्या पायांत दोन रंगांचे मोजे होते. थोरलीनं हे धाकटीला विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, पुरा झाला की दाखवू, खूश होईल.

मग एका सोमवारी छोटे गेम बनवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं, आणि आमच्या टेबलावर मी. गडबडीत चुकून मलाच पिशवीत टाकलं होतं. माझी डावी स्टिक तोवर बिघडली होती, पण इतक्या हळूहळू की त्या दोघांच्या अंगठ्यांना तिची सवय झाली होती. आलेल्या लोकांना ती सवय नव्हती. ते मुलीला सरळ न्यायचे आणि ती डावीकडे घसरायची. पुन्हा ओढायचे, पुन्हा घसरायची. एका बाईंचे डोळे भरून आले. गेमवर लेख लिहिणाऱ्या एकानं तिथंच उभ्या उभ्या लिहून टाकलं की एडीएचडी म्हणजे काय ते आज हाताला कळलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत नवा कंट्रोलर लावला, तर मुलगी रेघ मारल्यासारखी सरळ चालत शाळेत गेली. दोघं पोट धरून हसले. चित्रकार म्हणाला, कौतुक आपलं नव्हतंच, या खटाऱ्याचं होतं. आणि मग त्यांनी चूक केली ती अशी. माझा बिघाड त्यांनी मोजला, दर सेकंदाला किती, कुठल्या बाजूला, आणि जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला. आता ती मुलगी कुठल्याही कंट्रोलरवर डावीकडे घसरणार होती. शेवटही ठरला. वाटेत सात निळे मणी गोळा केले की घसरणं थांबतं, मुलगी वर्गात ताठ बसते आणि सगळे टाळ्या वाजवतात. शुक्रवारी गेम बाहेर पडायचा होता. मला त्या दिवसांत जरा बरं वाटत होतं, एवढं कबूल करतो.

धाकटीचं त्या वर्षी काही ठीक चाललं नव्हतं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी तिनं सोडली होती. रडणं नाही, चिडणं नाही, नुसती बसून असायची. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे जाणंही चालू होतं. घरी एकटी नको म्हणून थोरली तिला दुपारी खोलीवर घेऊन यायची. ती खिडकीपाशी बसायची. केळं सोलायची, अर्धं खायची, उरलेलं हातात तसंच राहायचं.

बुधवारी थोरलीनं मला तिच्या हातात दिलं. खेळून बघ ना, म्हणाली. सहज म्हणाल्यासारखं म्हणाली. धाकटीला गेम आवडला नाही तर काय, याचा विचार तिनं त्या क्षणापर्यंत केलाच नव्हता.

धाकटी खेळली. चेहऱ्यावर काही नाही. मोजे दिसले तेव्हा तिचे अंगठे जरा थांबले आणि पुन्हा चालू लागले. सात मणी झाले, टाळ्या झाल्या, पडदा काळा झाला. तिनं मला मांडीवर ठेवलं.

"ही मी आहे?" तिनं विचारलं.

"थोडीशी," थोरली म्हणाली.

"ती सारखी डावीकडे जाते. डावीकडे काय आहे?"

थोरलीनं पडद्याकडे पाहिलं. डावीकडे भिंत होती, रिकामी. चित्रकारानं तिथं काही काढलंच नव्हतं.

"काहीच नाहीये तिथे," धाकटी म्हणाली. "मी कधी उगीच नाही गेले गं कुठे. काहीतरी असायचं म्हणून जायचे. आता कुठे जावंसंच वाटत नाही, आणि ते तर तुझ्या गेममध्ये नाहीच. आणि सात मणी मला मिळाले नाहीत, तर माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत का?"

तिचा आवाज चढला नाही. बसचा नंबर सांगावा तसं तिनं हे सांगितलं. खाली शिंप्याचं यंत्र चालू होतं. थोरली फरशीवर बहिणीच्या खुर्चीशी टेकून बसली. मी तुला विचारायला हवं होतं, म्हणाली. धाकटी हो म्हणाली.

शुक्रवारी गेम बाहेर पडला नाही. पुढचे आठ महिनेही नाही. ज्यांनी कौतुक केलं होतं ते विसरून गेले. माझा बिघाड कोडमधून काढून टाकला. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. धाकटी ज्या दिवशी जमेल त्या दिवशी यायची आणि रस्त्यात काय काय असतं ते सांगायची. मुंग्यांची रांग, उलटं लावलेलं कुलूप, एक कान खाली पडलेला कुत्रा. चित्रकारानं ते सगळं काढलं. मुलगी आता वळायची ती त्यांच्याकडे बघायला. निळे मणी गेले. समुपदेशक बाईंनी दोन दुपारी बसून सगळा गेम पाहिला, औषध म्हणजे जादू असं कुठे वाटू देऊ नका म्हणाल्या, आणि कुठे मदत मागायची ते गेम उघडताच दिसेल असं लिहून घेतलं.

एक नवा भागही आला. त्यात स्टिक कितीही ढकला, मुलगी हलत नाही. दाराशी बसून राहते. बाकी गेमभर कंट्रोलर हातात हलकेच थरथरतो, तिथे तेही थांबतं. मग आई येऊन तिच्या शेजारी बसते. बोलत काही नाही. तो भाग तपासताना धाकटी नवा कंट्रोलर बाजूला ठेवायची आणि मला घ्यायची. हा थरथरत नाही, हाच बरा, म्हणायची. माझ्याविषयी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

गेम आला, थोड्या लोकांनी खेळला. धाकटी बरी झाली असं मी सांगणार नाही, कारण झालेली नाही. काही दुपारी ती येते, काही दुपारी येत नाही. चित्रकार मला दुरुस्त करून आणणार होता, नवी स्टिक बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. धाकटी म्हणाली, "राहू दे. फक्त याच्यावर गेम तपासू नका."

परवा ती खिडकीपाशी बसली होती, मी तिच्या हातात होतो. थोरलीनं काम बाजूला ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "लक्ष कुठे आहे तुझं?" आणि गप्प बसली. बराच वेळ गेला. चहा निवला. थोरली उठली नाही.

"शिंप्याचं यंत्र बंद आहे मघापासून," धाकटी म्हणाली. "बघून येऊ या?"

दोघी खाली गेल्या. मी खुर्चीवर राहिलो, आणि आनंदानं थरथरायला माझ्या मोटारी चालू नाहीत हे त्या दिवशी पहिल्यांदा मला खटकलं. मित्रांनो, माझ्यासारख्या खटाऱ्याची वायर नीट गुंडाळून ठेवलीत तरी पुरे. पण तुमच्या घरातल्या कुणाला हा प्रश्न विचारलात, तर खुर्ची ओढून बसा. उत्तर यायला वेळ लागतो.