घारीचा बेत

बंदरातले लोक त्याला घार म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याने अगदी अचूक ठेवलं होतं. हा गृहस्थ सकाळी क्रेनवर चढायचा तो संध्याकाळीच उतरायचा. मधला सगळा वेळ वरच्या काचेच्या खोलीत बसून जहाजातले कंटेनर उचलायचे आणि धक्क्यावर ठेवायचे. कंपनीची बस दारातून न्यायची, दारात आणून सोडायची. शहराशी संबंध काय तो एवढाच. पण ऐट अशी, जणू शहर यानेच वसवलंय.

तर त्याची ताई येणार होती. आई गेल्यावर जिने याला लहानाचा मोठा केला, ती ही ताई. मेहुणे गेल्यापासून ती गावी एकटीच होती आणि घार तिच्या मागे लागला होता, की आता कायमची इकडेच ये. शेवटी ती म्हणाली, "येते एकदा. गाव बघते तुझं, मग सांगते." घारीला रजा मिळाली एकच दिवस. ताई आपल्या घरात असावी, असं त्याला अगदी पोटातून वाटत होतं. तेव्हा हा दिवस फसून चालणार नव्हतं.

रविवारी जेवणं उरकल्यावर त्याने टेबलावर शहर मांडलं. मिठाची बरणी म्हणजे दीपगृह. पालथी वाटी म्हणजे किल्ला. बाजारासाठी बायकोचा चष्मा घेतला आणि किनाऱ्यासाठी आमटीचा डाव आडवा टाकला.

"दीपगृह बघून निघालं की समोरच किल्ला. किल्ल्याच्या पाठीला बाजार, आणि तिथून चार पावलांवर वाळू. दुपारच्या आत सगळं आटोपतं बघ."

"माझा चष्मा द्या आधी," बायको म्हणाली. "आणि तुम्ही कधी गेलाय का तिथे?"

"रोज बघतो मी."

"बघता हो. गेलाय का, ते विचारतेय."

"न जायला काय झालं? सरळ तर आहे."

बायको कामासाठी शहरभर बसने हिंडणारी. पण बहीणभावाच्या मध्ये पडायचं नाही, ही तिची जुनी रीत. "ताईंचे गुडघे दुखतात, तेवढं ध्यानात असू द्या," एवढंच बोलून ती भांडी आवरायला लागली.

ताई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. दीपगृह झकास झालं. तिथून किल्ला खरोखरच समोर होता, त्यात घारीचं काही चुकलं नव्हतं. फक्त मध्ये मालगाड्यांचं यार्ड होतं, आणि यार्डाला भिंत. क्रेनवरून ही भिंत रेघेएवढी दिसायची. खाली ती डोक्याच्या वर गेली होती आणि काही केल्या संपत नव्हती. उजवीकडून वळसा घ्यावा, तर खाडी आडवी आली. मग आल्या पावली परत आणि डावीकडून. ताई मुकाट्याने लंगडत होती. रस्ता विचारायला घारीची जीभ रेटेना. आपल्याच शहरात वाट विचारायची म्हणजे शोभा की हो! शेवटी ताईनेच एका फळवाल्याला गाठलं.

"इकडून वाट नाही. बसनेच जावं लागतं," तो म्हणाला. "नवीन दिसताय."

"मी नवीन," ताई म्हणाली. "हा इथलाच."

फळवाल्याने घारीकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पुन्हा संत्री पुसायला लागला.

बसथांब्यावर सावली अशी नव्हतीच. ताई बाकावर टेकली आणि गुडघे चोळत बसली.

"तू राहायला आलीस की रोज एकेक ठिकाण बघू," घार म्हणाला. "घाई कसली?"

"दीपगृहापाशी याआधी कधी आला होतास?"

घार बस येतेय का ते बघायला लागला.

"इतकी वर्षं झाली, आणि तूसुद्धा आजच आलास," ताई म्हणाली. "तू वर बसणार, ती कामाला जाणार. मी कुणाबरोबर बोलू रे दिवसभर? गावी निदान हाक मारली तर ओ द्यायला शेजारी आहेत. मी नाही येत."

ती चिडून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती अगदी साधं बोलली, आणि त्यातला एक शब्दही खोडता येत नव्हता. घारीला रडू आलं. वर काचेच्या खोलीत असता तर कुणाला दिसलंही नसतं, पण इथे ताई शेजारीच होती. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि बस येईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. येते मात्र म्हणाली नाही.