काकांच्या दातांमागची तार

काकांचा जन्म दुसऱ्यांना दात करून देण्यात गेला. दवाखान्यामागच्या खोलीत ते कवळ्या घडवायचे, आणि त्यांची कवळी लावून माणूस खुशाल सफरचंद चावायचा. स्वतःच्या दातांनी मात्र त्यांना तोंडघशी पाडलं. हिरड्यांच्या आजाराने आतलं हाड झिजलं आणि वरचे समोरचे चार दात पंख्यासारखे पुढे फाकले.

"काढून टाका. मी आठवड्यात नवे करतो," काका म्हणाले.

हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना उडवूनच लावलं. "दात आहेत काका, भंगार नाही. मी हिरड्या बऱ्या करते, मग हा तारेने दात मागे आणेल."

हा म्हणजे बाईंचा भाचा, वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर. बाईंनी हिरड्या उघडून मुळांपर्यंत सफाई केली, पण त्यानंतरही महिनोन्महिने भाच्याला जवळ फिरकू दिलं नाही.

"मावशी, आता सुरू करू?"

"अजून रक्त येतंय. हात लावलास तर याद राख."

काका खुर्चीत आ वासून हे भांडण ऐकायचे आणि मनातून सुखावायचे. आपल्या चार जुन्या दातांसाठी दोन शहाणी माणसं हमरीतुमरीवर येतात, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटे.

अखेर तार बसली. तिची ओढ इतकी हलकी, की काकांना हसूच आलं. एवढ्याने काय दात हलणार? एका दुपारी काकू बाहेर गेल्या आणि काकांचे हात शिवशिवले. जन्मभर कवळ्यांच्या तारा वाकवलेला माणूस तो! पक्कड घेऊन आरशासमोर त्यांनी तारेला जरासा जादा पीळ दिला. दोन-तीन दिवसांत हिरडी सुजली आणि एक दात लटलट हलायला लागला.

"कोणी केलं हे?" भाच्याने विचारलं.

"आमच्या घरात पक्कड दुसरं कोण चालवतं?" काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्यामुळे काका जास्तच घाबरले. "हाड निम्मंच उरलंय, काका. ते त्याच्या चालीने भरतं. घाई केलीत तर हा दात जाणार."

तार निघाली, पुन्हा सफाई झाली. काढून टाका म्हणणारे काका आता रोज सकाळी त्या दाताला जीभ लावून 'थांब रे बाबा' म्हणत होते. आणि दात थांबला! मग पुन्हा तार लागली. आधी मावशीने हिरडी तपासायची, तिने मान हलवली तरच भाच्याने तारेला हात लावायचा. हळूहळू फटी मिटल्या. हजारो साचे पाहिलेले काका आरशापुढे थक्क होऊन उभे राहिले.

"आता मागून एक तार कायमची चिकटवायची, नाहीतर दात पुन्हा फाकतील," असं म्हणून भाच्याने काकांच्याच दातांचा प्लास्टरचा साचा त्यांच्यापुढे ठेवला. "ही तुम्ही वाकवा. पण तिने दात ढकलायचे नाहीत, ओढायचे नाहीत. नुसते धरून ठेवायचे."

काका दिवसभर त्या बोटभर तारेशी झटत होते. कितीतरी तुकडे त्यांनी फेकून दिले. संध्याकाळी भाच्याने एक तुकडा दातांमागे टेकवला.

"कुठे दाबतंय?"

काकांनी डोळे मिटून वाट पाहिली. चारही दात निवांत होते.

"कुठेच नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग चिकटव," मावशी म्हणाली.