गॅलरीतलं ऊन

"हाडं शाबूत आहेत तुमची," डॉक्टर म्हणाले. "ऊन मिळत नाही त्यांना, एवढंच. व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय."

आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईची आई हाडांच्या कॅन्सरनेच गेली होती, तेव्हा आपलंही तेच, हे आईने रिपोर्ट यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मशीनचं पायडल मारताना तिच्या मांड्या भरून यायच्या, खाली बसली की उठायला माझा हात लागायचा. शिलाईवर घर चालवलेली बाई ती. हात मागताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"म्हणजे ते नाही?"

"ते नाही. गोळ्या देतो. आणि रोज सकाळी थोडा वेळ उन्हात बसायचं, हातपाय उघडे ठेवून. काचेतून आलेलं ऊन चालायचं नाही हं. झोपसुद्धा सुधारेल."

दवाखान्याच्या पायरीवर बसून ती घळाघळा रडली. मग नाक पुसत म्हणाली, "ऊन! एवढ्यासाठी मेल्याने माझं बाटलीभर रक्त काढलं." जीव भांड्यात पडला की आईला शिव्या सुचतात.

औषध फुकटचं खरं, पण आमच्याकडे नव्हतं. आमचं घर तळमजल्यावर, पुढे दुकान, समोर उंच इमारत, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. ऊन होतं वर, काकूच्या गॅलरीत. बाबा आणि काकांनी घर वाटून घेतलं तेव्हा गिऱ्हाइकांसाठी आईने तळमजला भांडून घेतला होता, आणि जिन्यात उभी राहून धाकट्या जावेला सुनावलं होतं, "तुझी गॅलरी नि तुझं ऊन, लखलाभ असो तुला!" पुढे बाबा गेले, काकाही गेले. दोघींचा अबोला तेवढा ठणठणीत होता.

आई आधी स्टूल घेऊन कोपऱ्यावर जाऊन बसली. एका बाईने तिथेच फ्रॉकचं माप दिलं. दुसऱ्या दिवशी कुणी मोटारसायकलवाला म्हणाला, "आजी, जरा सरका." पायांपेक्षा ते 'आजी' तिला जास्त दुखलं.

"वर जा," मी म्हटलं.

"तिचे पाय धरायला?"

"धरायला वाकता तरी येतंय का तुला?"

नको नको म्हणताना तिला हसू फुटलं.

सकाळी ती कठडा धरून जिना चढली, मी मागे. दार उघडंच होतं. काकू गॅलरीच्या कठड्यावर उशा वाळत घालत होती. जिन्यात घोकलेलं वाक्य आईला काही आठवेना.

"ते... डॉक्टरांनी..."

"कळलंय मला. गल्लीभर झालंय," काकू न वळताच म्हणाली. मग वळली. "हाडांचं काही नाही ना पण, वहिनी?"

"नाही."

काकूने एवढा मोठा श्वास सोडला की मला कळलं, खालची धास्ती वरच्या मजल्यावरही पोचली होती.

"मग बसा."

गॅलरीत एकच खुर्ची होती, काकांची, चादरीने झाकलेली. ते रोज सकाळी तिथे पेपर वाचायचे. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. माझं वर येणंजाणं होतं, पण मलाही एकदा काकूने त्या खुर्चीवरून उठवलं होतं. आता तिने स्वतःच चादर ओढली.

"ही नको गं. भावजींची आहे."

"बसा म्हणते ना. हात आहेत तिला, उठायला बरं पडेल."

आई बसली. सुया टोचून टोचून खरखरीत झालेली तिची बोटं उन्हात आली. तिने डोळे मिटले.

"लखलाभ म्हणाला होतात ना," काकू उशी थोपटत म्हणाली, "तर घ्या थोडं. एवढं एकटीने कुठे संपवू मी?"

आईने डोळे उघडले नाहीत. गालांवर पाणी आलं, तेही तिने पुसलं नाही. मला फार बरं वाटलं, इतक्या वर्षांत त्या घरात वाटलं नव्हतं तितकं.

ऊन सरकलं, तशी काकूने खुर्चीही सरकवली, आईसकट. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार डाग उघडे पडले. काकूने ते क्षणभर पाहिले, आणि त्यांच्या मधोमध ती खाली बसली.